विलेर्मेला चाळीस मिनिटं

४ ऑक्टोबर, शनिवार

कोजागिरी परवा आहे. पण अमेरिकेत चंद्रसुद्धा वीकेंड बघून उगवतो, त्यामुळे मंडळाची कोजागिरी आज झाली. इथेच, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये, गिरीश आणि रुचाच्या नव्या घरी. पाच बेडरूम, चार बाथरूम आणि पुस्तक एकही नाही. मसाला दूध पाकिटातलं. चंद्र ढगात. सगळ्यांनी डेकवर जाऊन ढगाचे फोटो काढले.

गिरीश गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. स्वभावानं इतका गरीब की कुणी काही सांगितलं की लगेच करतो. रुचा, त्याची बायको, घरूनच कंप्युटरवर काहीतरी करते. काय करते ते तिनं मला दोनदा समजावलं आणि मी दोनदा मान हलवली.

मिसळीची फोडणी पडली आणि छताला चिकटलेला धुराचा भोंगा किंचाळायला लागला. या नव्या घरांत एक ओरडला की सगळे ओरडतात, वरचे, खालचे, बेसमेंटमधला. पोरं कान धरून पळाली. गिरीश टॉवेल घेऊन छताला वारा घालत होता. एवढी शिकलीसवरलेली माणसं, आणि चमचाभर मोहरीनं सगळ्यांची दाणादाण! मी म्हटलं, "अरे, काढ ते! फोडणीला घाबरणारं यंत्र मराठी घरात हवंय कशाला? आमच्याकडे नव्वद सालापासून नाही."

तो म्हणाला, "काका, यात धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडचं पण आहे. राहू दे का?"

"पस्तीस वर्षं लोकांची फुफ्फुसं तपासली मी. मला शिकवतोस? चढ खुर्चीवर."

खुर्ची मी धरली. स्वयंपाकघरातला, जिन्यातला उतरवला, वरचे आणि बेसमेंटमधला तो एकटाच जाऊन काढून आला, आणि सगळे ड्रॉवरमध्ये टाकले. टाळ्या पडल्या. आजच्या दिवसात धड झालेलं काम तेवढं एकच.

गिरीशची आई, वसुधाबाई, मागच्या आठवड्यात कराडहून आल्यात. इथला रिवाजच आहे: सहा महिने त्याची आई, सहा महिने तिची आई, म्हणजे पोराची सोय होते आणि वर आईवडिलांना अमेरिका दाखवल्याचं पुण्य. यांची नात अनया, चार वर्षांची. बाई एस.टी.त कंडक्टर होत्या आणि मनानं अजून गाडीतच आहेत. दुधाच्या पातेल्यापाशी मला म्हणाल्या, "पुढं सरका की डॉक्टरसाहेब, मागं माणसं खोळंबल्यात!" आवाज असा की भोंगा परवडला.

मग व्हायचं तेच झालं. रुचा हळूच जवळ आली. "काका, आईंचे गुडघे जरा बघता का?" मराठी पार्टीत निवृत्त डॉक्टर म्हणजे फुकटची ओ.पी.डी. हातात बशी, बशीत समोसा, आणि समोर कुणाचा तरी गुडघा. मी बघितले. दोन होते.

बाईंसाठी उन्हाळ्यात बेसमेंटमध्ये नवी खोली काढलीय. गालिचा, टीव्ही, बाथरूम, सगळं आहे. "अंडरग्राउंड हाय, पण झ्याक हाय," म्हणाल्या. मी खाली उतरून बघितली नाही. जिने चढउतार करायचं माझं वय नाही.

चांगली बातमी एकच. आमचा अध्यक्ष देवदत्त यानं दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या व्याख्यानाला चाळीस मिनिटं कबूल केली. आठ नोव्हेंबर. विषय: डॉक्टर विलेर्मे.

९ ऑक्टोबर

सुनेत्रा म्हणाली, "मंडळात तुमचा तो फ्रेंच माणूस ऐकणार कोण?" चाळीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलेल्या माझ्या बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला आता एकच उत्तर असतं आणि ते तिला आधीच माहीत असतं.

म्हणूनच सांगायचाय. लुई-रने विलेर्मे, जन्म १७८२. नेपोलियनच्या फौजेत सर्जन. लढाया संपल्यावर पॅरिसमध्ये दवाखाना चालवला, आणि एक दिवस तो चक्क बंद केला. एकेकाला बरं करत बसण्यापेक्षा आजारी नेमकं कोण पडतं आणि का पडतं, हे त्याला बघायचं होतं. तो तुरुंगांत गेला. कापडगिरण्यांत गेला. विणकरांच्या खोल्यांत गेला, लिल गावच्या तळघरांत उतरला, जिथे आख्खं कुटुंब एका पेंढ्यावर झोपायचं. गिरणीत राबणारी इवली इवली पोरं त्यानं डोळ्यांनी बघितली आणि सरकारपुढे मांडली. पुढे मुलांच्या कामाला आळा घालणारा कायदा आला त्यामागे हा माणूस होता.

आणि आमचं समाजकार्य काय? कोट-ड्राइव्ह! जुने कोट द्यायचे आणि फोटो नवा काढायचा. गेल्या वर्षी देवदत्तनं डेट्रॉइटमध्ये सूप वाटलं, तर पातेल्यापेक्षा बॅनर मोठा. या लोकांना विलेर्मे दाखवलाच पाहिजे. सणसणीत.

१७ ऑक्टोबर

थंडी पडली. हीटिंग सुरू केलं.

गिरीशचा फोन. आईचं डोकं दुखतंय, सकाळी उठल्यावर मळमळतं. बी.पी. मशीननं बघितलं, ठीक आहे. कराडहून आणलेल्या औषधांची पिशवी आहे, त्यातलं काय देऊ?

औषधांची पिशवी! आपली माणसं विमानात बसतात ती निम्मी लोणची आणि निम्मं केमिस्टचं दुकान घेऊन. डोकेदुखीची गोळी दे म्हटलं, आणि वर निदानही फुकट दिलं: करमत नाही. त्याला औषध नाही. साठ वर्षं गावात ओरडून काढलेल्या बाईला इथे ओरडायला कुणी मिळत नाही, म्हणून डोकं धरतं.

व्हिजिटर इन्शुरन्सवाले म्हणे साध्या तपासणीलासुद्धा कटकट करतात. म्हणून मी. माझं तर लायसन्सही आता नाही, पण जीभ आहे ना.

२२ ऑक्टोबर, पाडवा

गिरीशकडचे सगळे फराळाला आले. वसुधाबाई आल्या तेव्हा तोंड उतरलेलं, सोफ्यावर टेकल्या ते डोळे मिटूनच. मला वाटलं आता दुपारभर हेच. पण तासाभरानं बाई ताज्यातवान्या! करंज्या हाणल्या, सुनेत्राला मोदकाची उकड कशी काढायची ते शिकवलं (सुनेत्रा पन्नास वर्षं उकड काढतेय), आणि माझ्या चिवड्यात मीठ कमी आहे हे शेजारच्या अमेरिकन घरापर्यंत पोचेल अशा आवाजात जाहीर केलं.

ते गेल्यावर मी म्हटलं, "बघितलंस? घरी डोकेदुखी, पाहुणचाराला ठणठणीत. नाटकं सगळी."

सुनेत्रा भांडी आवरत म्हणाली, "पण अहो, घरीच का दुखतं?"

"सुनेच्या हातचं खाऊन."

ती हसली नाही. विनोद चांगला होता.

२६ ऑक्टोबर

देवदत्तचा मेसेज. मुलांचे डान्स वाढलेत, त्यामुळे "काका, ट्वेंटी मिनिट्स चालतील ना?" चालतील! विलेर्मे अर्धा. कमरेपासून वरचा दाखवतो.

तरी आज मुख्य भाग लिहून झाला आणि झकास झालाय. पॅरिसच्या काही पेठांत माणसं जास्त मरायची. का? तेव्हाचे शहाणे सांगायचे, नदी जवळ आहे म्हणून. वारा वाईट म्हणून. जमीन सखल म्हणून. नाहीतर त्या माणसांचा स्वभावच तसा म्हणून. विलेर्मेनं एकेक कारण पेठेपेठेशी लावून बघितलं आणि एकेक फेकून दिलं. नदीकाठची श्रीमंत पेठ धडधाकट आणि टेकडीवरची गरीब पेठ आजारी. फरक नदीत नव्हताच, फरक घरांत होता. मी लिहिलंय: "घरी बसून कारणं सांगणं सोपं असतं. जो माणूस आजारी आहे त्याच्या खोलीत जाऊन कुणी बघितलं का? नाही. कारण शहाण्यांना जिना उतरायचा कंटाळा होता." वाचून दाखवलं तर हॉल गप्प होईल.

हे लिहिता लिहिता गिरीशचा फोन. आईचं तेच. मी लिखाण न थांबवता स्पीकरवरच उत्तर दिलं: इथली हवा कोरडी असते, पाणी जास्त प्यायला सांग.

३० ऑक्टोबर

आता रुचाचा फोन. म्हणते, "आई दुपारभर झोपलेल्या असतात. गॅसवर चहा ठेवतात आणि विसरतात. काल मला त्यांनी दोनदा विचारलं, आज वार कुठला. काका, मला भीती वाटते यार. गिरीश म्हणतो तिकीट आधीचं करून परत पाठवू. त्यांना ते कळलं तर रडायलाच लागल्या. कराडमध्ये सगळ्यांना सांगून आल्यात, नातीबरोबर सहा महिने राहणार म्हणून. तुम्ही एकदा घरी येऊन बघाल का?"

मी म्हटलं येतो, पण आठ तारखेनंतर. व्याख्यान डोक्यावर आहे. आणि एवढं काय बघायचं? म्हातारपणी परक्या देशात माणसं अशीच होतात. मी पाहिलीत ढिगानं. पाठवा परत. महिन्यात पुन्हा एस.टी. स्टँडवर भांडत असतील.

अनया हल्ली आजीजवळच झोपते म्हणे, बेसमेंटमध्ये. तिलाही काल उलटी झाली. शाळेत काहीतरी साथ आहे. असते नेहमीच.

३ नोव्हेंबर

हॉलमध्ये तालीम. स्टेजवर पन्नास मुलं एका गाण्यावर उड्या मारत होती, आणि त्यांच्या आया खालून त्याच उड्या मारून दाखवत होत्या. देवदत्त हातात आयपॅड घेऊन नेपोलियनसारखा फिरत होता. मला बाजूला घेतलं. "काका, ट्वेल्व्ह मिनिट्स. आणि प्लीज, थोडं रिलेटेबल करा ना. फ्रेंच वगैरे लोकांना कनेक्ट होत नाही."

"काय करू? विलेर्मेला ढोल वाजवायला लावू?"

"वॉव काका, तुम्ही पण ना!" आणि गेला.

बारा मिनिटं! त्यापेक्षा जास्त वेळ लोक पार्किंग शोधण्यात घालवतात. घरी येऊन सुनेत्राला म्हटलं, नाव मागे घेतो. ती म्हणाली, "घ्या." मग मी घेतलं नाही.

संध्याकाळी गिरीशला कार्यक्रमाला लागणाऱ्या खुर्च्यांचं विचारायला फोन केला तर वसुधाबाईंनी उचलला. पहिल्यांदा ओळखलंच नाही. बाईंचा आवाज पहिल्यांदाच माणसात आलेला. हळू बोलत होत्या, मध्येच थांबत होत्या. बरं वाटलं कानाला. म्हणाल्या, "रविवारी देवळात नेलं न्हवं का, तिथं लई बरं वाटलं. घरात आलं की परत डोकं धरतंय. देवाची कृपा बगा."

असेल. देवळात ते एक परवडतं, देव इन्शुरन्स विचारत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साडेदहाच्या सुमारास सुनेत्राला समोर बसवून पूर्ण व्याख्यान म्हणून दाखवलं. "शहाण्यांना जिना उतरायचा कंटाळा होता" या वाक्याला मी मुद्दाम थांबलो.

ती म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान."

"म्हणजे?"

"म्हणजे वसुधाताईंच्या खोलीत कोण गेलंय?"

मी म्हटलं विलेर्मेचं आणि त्या बाईंचं काय? ती म्हणाली, "बाहेर गेल्या की बऱ्या, घरात आल्या की आजारी. आपल्याकडे बऱ्या, देवळात बऱ्या. मी गणिताची बाई आहे, मला डॉक्टरकीतलं कळत नाही. पण वर्गात एका बाकावरची मुलं रोज नापास होत असतील तर मी बाक बघायला जाईन." आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "आणि तुमच्या विलेर्मेचं कौतुक पुरे. खोल्या बघून आला आणि शेवटी दारू पितात म्हणून बोटं विणकरांकडेच केली त्यानं. तुम्हीच सांगितलं होतंत मला." हे मी व्याख्यानातून गाळलं होतं.

तिचं तोंड बंद करायला तिला घेऊन गेलो, दुसऱ्या कशासाठी नाही.

रुचानं हेडफोन लावूनच दार उघडलं. मीटिंग चालू होती. अनयाला आज शाळेत पाठवलं नव्हतं, पुन्हा उलटी झाली म्हणून. दोघी खाली झोपल्यात म्हणाली. सकाळी अकराला.

जिना उतरलो. खाली गरम आणि कोंदट. वरच्या बाजूच्या त्या चिरकुट खिडकीवर आतून पाणी ओघळत होतं. भिंतीपलीकडे घर तापवणारी फर्नेस घुरघुरत होती. पलंगावर आजी आणि नात एका पांघरुणात. मी म्हटलं, "वसुधाबाई, उठा, रिकामटेकडे डॉक्टर आलेत." हलल्या नाहीत. अनयाचा दंड धरून हलवला. तिनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. गाल लालबुंद.

मी का कोण जाणे, वर बघितलं. छतावर एक गोल पांढरी चकती होती, नुसती, आणि मधून लोंबणारी वायर.

मी अनयाला उचललं. गुडघ्यांचं काय झालं आठवत नाही. सुनेत्रा आणि रुचानं बाईंना काखेत धरून जिन्यावरून ओढलं. बाई मध्येच जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "पुढं सरका." लॉनवर थंडीत दोघींना आडवं केलं आणि मी ओरडत होतो, "बाहेर या! सगळे बाहेर या!" सगळे बाहेरच होते. सुनेत्रानं ९११ लावला.

फायर ब्रिगेडचा माणूस यंत्र घेऊन खाली गेला आणि लगेच वर आला. बेसमेंटमध्ये नवी खोली काढताना कुणाच्या तरी धक्क्यानं फर्नेसच्या धुराचा पाइप सांध्यातून सुटला होता. हीटिंग सुरू झाल्यापासून कार्बन मोनॉक्साइड खोलीत मुरत होता. वास नाही, रंग नाही. त्यानं विचारलं, "अलार्म कुठे आहेत?"

गिरीश ऑफिसातून धावत आलेला, अंगात जॅकेटही नव्हतं. म्हणाला, "मी काढले."

एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी, पस्तीस वर्षं हाच गॅस नवख्या डॉक्टरांना शिकवणारा मी, "डोकेदुखी घरी आणि बाहेर गेल्यावर आराम, तर पहिलं काय विचाराल?" असं परीक्षेत विचारून पोरांना नापास करणारा मी, लॉनवर उभा होतो आणि गप्प होतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

अनया ठीक आहे. सकाळी जेली मागत होती. वसुधाबाईंना ऑक्सिजनच्या बंद नळकांड्यात घालून काढलंय. धोका टळला म्हणतात, पण काही आठवडे लक्ष ठेवावं लागेल. हे असं नंतरही डोकं वर काढतं. मला माहीत आहे. मला सगळं माहीत असतं.

रात्रीत बातमी सगळीकडे. मंडळाच्या ग्रुपवर माझा फोटो, खाली हात जोडलेली चिन्हं आणि "आपले विलेर्मे!" ज्यांना कालपर्यंत नाव उच्चारता येत नव्हतं त्यांनी. देवदत्तचा फोन: "काका, यू आर अ हीरो! फुल चाळीस मिनिट्स तुमची. दोन डान्स कॅन्सल केले. आणि शाल-श्रीफळ पण." चाळीस मिनिटं! महिनाभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते पदरात पडलं, आणि मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

दुपारी आम्ही दोघं हॉस्पिटलला गेलो. रुचानं मला मिठी मारली. "काका, तुम्ही आलात म्हणून." गिरीश कोपऱ्यात उभा. डोळे सुजलेले. आईचा गुन्हेगार आपणच, असं धरून बसलाय तो. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सुनेत्रा माझ्याकडे बघत होती.

वसुधाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा बारीक झालाय. बराच वेळ माझ्याकडे निरखून बघितलं, ओळखतायत की नाही कळेना. मग हळू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्या दिवशी खुर्ची तुमीच धरली व्हती न्हवं?"

गिरीशनं मान वर केली.

"हो," मी म्हटलं.

"घट्ट धरली व्हती. पोरगं पडलं न्हाई." आणि डोळे मिटले.

टोमणा होता का? की खरंच कौतुक? बाईंच्या मनात काय होतं देव जाणे. मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी हॉल गच्च भरलेला. देवदत्तनं माइकवर माझी ओळख करून दिली, त्यात "समाजभान" हा शब्द चारदा आला. शाल अंगावर पडायच्या आत मी ती अडवली. वहीतली पानं खिशातच राहू दिली.

म्हटलं, "विलेर्मेबद्दल आज काही सांगणार नाही. त्याच्याबद्दल बोलायची माझी लायकी नाही. गिरीशच्या घरचे भोंगे मी काढायला लावले. तो नको म्हणत होता, मी त्याला गप्प केलं. खुर्ची मी धरली, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. नंतर तीन आठवडे मी फोनवरून औषधं सांगितली आणि त्या बाई नाटकं करतात असं म्हणालो. ज्यांना ज्यांना भेटलो त्या सगळ्यांना म्हणालो. गिरीशचा काडीचा दोष नाही. आता हात वर करा, तुमच्यापैकी कुणाकुणाकडे फोडणीसाठी भोंगा काढून ठेवलाय."

आधी कुणी हललं नाही. मग मागून एक हात आला. मग शेजारचा. मग बायकांचे, भराभर. मोरपंखी साड्या, कुर्ते, मेंदीचे हात, सगळे वर. देवदत्तचाही हात वर होता आणि त्यातच शाल होती.

"घरी जाऊन आजच्या आज लावा," मी म्हटलं आणि खाली उतरलो. मोजून दोन मिनिटं झाली असतील. उरलेल्या अडतीसचं काय करायचं ते कुणाला सुचेना, म्हणून परत डान्स लावले.

दाराशी देवदत्तनं गाठलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नव्हतं. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "काका, एकदम रिलेटेबल झालं."

९ नोव्हेंबर

सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. आमच्या घरासाठी चार भोंगे आणले. गिरीश आला होता लावून द्यायला. मीच बोलावलं. तो खुर्चीवर चढला, मी खाली धरली. दोन भोंगे लागले. मग म्हणाला, "काका, आईनं आज सकाळी नर्सला झापलं. चहा गार दिला म्हणून. आख्ख्या मजल्याला ऐकू गेलं."

"किती मोठ्यानं?"

"खूप."

मला रडू आलं. गिरीशनं बघितलं आणि न बघितल्यासारखं करून स्क्रू फिरवत राहिला.

सुनेत्रानं त्याच्यासाठी पोहे टाकले. मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि चारही भोंगे एकदम किंचाळायला लागले. पस्तीस वर्षांत या घरात असा आवाज झाला नव्हता. कान बधिर. गिरीश सवयीनं खुर्चीकडे वळला. सुनेत्रा झारा हातात धरून माझ्याकडे बघत उभी.

मी उठलो आणि खिडकी उघडली.